'निदान' आणि माणूस : मनोविकारासह जगण्याच्या भाषेचा विचार

१

मराठीच्या वाक्यरचनेत आजार माणसाकडे येतो. ताप येतो, कावीळ होते, दमा जडतो. 'त्याला ताप आला', 'तिला मधुमेह आहे' अशा वाक्यांत आजार प्रथमेत असतो आणि माणूस चतुर्थीत. ज्याला अनुभव येतो तो एक आणि जो अनुभव येतो तो दुसरा, अशी स्पष्ट फारकत या रचनेत आहे. जे आले ते जाऊ शकते, किंवा त्याच्याशी जुळवून घेता येते, ही शक्यताही ती मोकळी ठेवते. मनाच्या आजाराच्या बाबतीत मराठीने मुळात हाच नियम पाळला आहे. 'त्याला वेड लागले' हे वाक्य 'त्याला ताप आला' याच घडणीचे होय. तथापि व्यवहारात ते या रूपात फार काळ टिकत नाही. पाहता पाहता त्याचे 'तो वेडा आहे' असे होते; माणूस प्रथमेत येतो आणि वेड त्याचे विधिविशेषण बनते. पुढे 'एक वेडा रस्त्यात उभा होता' असे म्हटले जाते, तेव्हा विशेषणाचे नाम झालेले असते आणि विशेष्य, म्हणजे तो माणूस, वाक्यातून नाहीसा झालेला असतो.

आधुनिक मनोवैद्यकाची परिभाषा मराठीत रुळल्यानंतर ही घसरण थांबेल अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झालेली दिसत नाही. 'तिला स्किझोफ्रेनिया आहे' याचे 'ती स्किझोफ्रेनिक आहे' असे रूपांतर तितक्याच सहजतेने होते. शब्द बदलला, वाट तीच राहिली.

यावर असा आक्षेप घेता येईल की 'मधुमेही', 'दमेकरी' अशी नामे मराठीत आहेतच, आणि त्यांनी कोणाचे काही बिघडले नाही. आक्षेप रास्त आहे आणि प्रश्नाचे खरे स्वरूप त्यामुळेच स्पष्ट होते. मधुमेही माणूस रागावला, त्याने नोकरी सोडली, कोणाच्या प्रेमात पडला किंवा एखाद्या कवितेवर प्रतिकूल मत दिले, तर त्याचे कारण कोणी त्याच्या रक्तातील साखरेत शोधत नाही. मनोविकाराचे निदान झालेल्या माणसाच्या वाट्याला मात्र नेमके हेच येते. त्याचा राग, त्याचे मौन, त्याचा उत्साह, त्याची श्रद्धा, या सर्वांचा उगम एकाच शब्दात दाखविला जातो. म्हणजे दोष केवळ व्याकरणाचा नव्हे. एका शब्दाला किती स्पष्टीकरण करू द्यायचे, त्याच्या अधिकाराची सीमा कोठे आखायची, हा मूळ प्रश्न आहे. तो वैद्यकाचा जितका आहे तितकाच भाषेचा व साहित्याचा आहे; म्हणून मराठीच्या अभ्यासकांना त्याकडे पाठ फिरविता येत नाही.

२

वेडाविषयी मराठी भाषा कंजूष नाही. वेड, पिसे, खूळ, छंद, नाद, भ्रम, उन्माद अशी शब्दांची एक मोठी श्रेणी तिच्यात आहे. ध्येयाचे वेड असते, मायाही वेडी असते, आणि आई लेकराला 'वेडा' म्हणते तेव्हा त्या शब्दात दोषारोप नसतो. संतपरंपरेत तर ईश्वराचे पिसे ही परमप्राप्तीची खूण मानली गेली.

या संदर्भात महानुभाव वाङ्मयातील गोविंदप्रभूंचे चरित्र विशेष लक्षणीय आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे वावरलेल्या या पुरुषाच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या. त्यांत दिसणारे गोविंदप्रभूंचे वर्तन लोकविलक्षण आहे. ते आपल्याशीच बोलतात, हसतात, कोणाच्याही घरात शिरतात, बालकासारखे हट्ट धरतात. गावकरी त्यांना वेडे म्हणतात आणि तेच गावकरी त्यांना आपले माय-बापही म्हणतात. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील वेडाच्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ऋद्धिपूरच्या लोकांनी 'वेडे' हा शब्द उच्चारला, पण तो अखेरचा शब्द म्हणून नव्हे. त्या शब्दाशेजारी दुसरे शब्द उभे राहू शकत होते.

अर्थात या उदाहरणावरून गतकाळाचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. गोविंदप्रभूंना जागा मिळाली ती अवतार म्हणून. त्याच गावातील एखाद्या सामान्य माणसाला, विशेषतः एखाद्या स्त्रीला, तसेच वर्तन केल्यावर कोणती वागणूक मिळाली असती याची साक्ष चरित्रग्रंथ देत नाहीत. वेडाचे दैवतीकरण हेही एक प्रकारे माणसाला त्याच्या वेडापुरते मर्यादित करणेच होय. प्रतिभा आणि वेड यांची सांगड घालणारा रोमँटिक संकेत याच जातीचा आहे. ज्याला रात्र रात्र झोप नाही, ज्याच्या विचारांचा वेग त्याच्याच आवाक्यात राहिलेला नाही, त्याच्या यातनेला 'प्रतिभेचे देणे' म्हणणे ही सहानुभूती नव्हे.

नामांतराने हा प्रश्न सुटतो काय, याचाही येथे विचार करावा लागतो. जपानमध्ये २००२ साली तेथील मनोवैद्यकीय संघटनेने स्किझोफ्रेनियाचे 'मनोविदलन' अशा अर्थाचे जुने नाव टाकून 'समन्वय बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. मराठीतील 'छिन्नमनस्कता' हा प्रतिशब्द त्या जुन्या जपानी नावाचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. या शब्दामुळे 'एका देहात दोन माणसे' अशी एक सर्वस्वी चुकीची समजूत रूढ झाली आहे, आणि तो बदलला गेला तर ते इष्टच होईल. परंतु केवळ शब्द बदलून भागत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 'महारोगी' हा शब्द एके काळी माणसाचे नाव, गाव, नाते सर्व काही पुसून टाकीत असे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात तो शब्द आजही आहे. तरीही आनंदवनाच्या संदर्भात तो उच्चारला जातो तेव्हा डोळ्यांपुढे उभी राहतात ती पिकवलेली शेते, बांधलेल्या इमारती आणि विणलेली वस्त्रे. शब्द तोच राहिला. त्याच्याभोवती माणसांचे कर्तृत्व उभे राहिले आणि त्याचा माणसाला झाकण्याचा अधिकार संपला. शब्दाची शुद्धी कोशात होत नाही, ती जगण्यात होते, एवढे यावरून निष्पन्न होते.

३

मराठी नाट्यसृष्टीने व चित्रपटसृष्टीने मनोविकाराकडे कसे पाहिले, याची रेखा काढायची तर तिचा आरंभ जयवंत दळवी यांच्या 'बॅरिस्टर' या नाटकापासून करणे सोयीचे आहे. आपल्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून दळवींनी हे नाटक लिहिले आणि १९७७ मध्ये ते रंगभूमीवर आले. नाटकातील बॅरिस्टर हा विलायतेहून शिकून आलेला, सुसंस्कृत, केशवपनासारख्या रूढीविरुद्ध उभा राहणारा पुरुष आहे. परंतु घराण्यात वेड आहे या भीतीने त्याला ग्रासले आहे. त्या भीतीपोटी तो प्रेमापुढे माघार घेतो आणि अखेरीस त्याच अंधारात गडप होतो. शोकांतिका म्हणून ही रचना भेदक आहे, हे निर्विवाद. परंतु तिच्यात वेडाला नियतीचे स्थान आहे. बॅरिस्टरच्या सुधारणावादाचे, त्याच्या कोमलतेचे, त्याच्या विनोदबुद्धीचे जे काही मोल आहे ते शेवटच्या दृश्यात वेडाच्या खात्यावर जमा होते.

आनुवंशिकतेविषयीचे ज्ञान या नियतिवादाला दुजोरा देत नाही. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे १ टक्का लोकांना होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर अपत्यातील धोका सुमारे १० टक्के मानला जातो. तो वाढतो हे खरे. परंतु त्याचाच अर्थ दहांपैकी नऊ अपत्यांना तो होत नाही असाही आहे. एकयुग्मजी जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरे भावंड त्यापासून दूर राहते. दळवींच्या नाटकाला विज्ञानाच्या कसोटीवर नापास करावे असा याचा अर्थ नव्हे. मात्र वर्गात ते शिकविताना रंगभूमीवरील नियती आणि घराघरांतील वस्तुस्थिती यांतील अंतर दाखविले जाणे आवश्यक आहे. समोरच्या बाकावर ज्याच्या घरात असा आजार आहे असा विद्यार्थी बसलेला असण्याची शक्यता कोणत्याही वर्गात असते.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात दृष्टी बदललेली आढळते. कोकणातील देवराईच्या ध्यासाने झपाटलेल्या शेषला स्किझोफ्रेनिया झाला आहे. त्याची बहीण त्याला आपल्या घरी आणते. तेथून आजार, उपचार, घरातल्यांची ओढाताण आणि हळूहळू गवसणारा तोल असा हा प्रवास आहे. यात एक सूक्ष्म स्थळ आहे. शेषच्या भ्रमांत देवराई आहे. पण देवराई हा केवळ भ्रम नाही. त्या राईचे जतन व्हावे ही त्याची तळमळ आजाराच्या आधीही त्याची होती आणि आजारातही त्याचीच आहे. 'आजार गेला की देवराईही जाईल' असे मानणारा प्रेक्षक शेषला गमावतो, आणि 'देवराई खरी आहे, म्हणजे आजार खोटा' असे मानणाराही त्याला गमावतो. दोन्ही एकाच वेळी खरे मानण्याची शिस्त चित्रपट प्रेक्षकाकडून अपेक्षितो. मनोविकारासह जगणाऱ्या माणसाला समजून घेण्याची हीच शिस्त आहे.

याच दिग्दर्शकद्वयाच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. नैराश्यात बुडून जीव देऊ पाहणाऱ्या तरुणाला जानकी कोकणच्या किनाऱ्यावरील घरात आसरा देते. ती स्वतः त्या अंधारातून गेलेली आहे, हे येथे महत्त्वाचे. मनोविकाराचा अनुभव असलेली व्यक्ती केवळ काळजीचा विषय न राहता काळजी घेणारीही होऊ शकते, हे मराठी कलाकृतीत इतक्या शांतपणे क्वचितच आले असेल. जानकी त्या तरुणावर प्रश्नांचा भडिमार करीत नाही. त्याला कोणतेही नाव देण्याची घाई करीत नाही. कवचात गेलेले कासव ओढून बाहेर काढता येत नाही, एवढे तिला ठाऊक आहे.

आत्मकथनाच्या व कादंबरीच्या क्षेत्रात जेरी पिंटो यांच्या २०१२ मधील इंग्रजी कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने तिचे मराठी भाषांतर केले आहे. माहीमच्या एका लहानशा घरातील गोव्याच्या वंशाचे ख्रिस्ती कुटुंब, उन्माद व अवसाद यांच्या फेऱ्यात सापडलेली आई आणि तिला समजून घेऊ पाहणारा मुलगा, असा हा ऐवज आहे. एम विनोदी आहे, जिभेची तिखट आहे, बेदरकार आहे. यांतले किती तिचे आणि किती आजाराचे, हा प्रश्न मुलाला छळतो. कादंबरीचे यश असे की ती या प्रश्नाचा हिशेब करीत नाही. वाचकाच्या मनात राहते ती एम, निदान नव्हे.

४

सर्जनशील साहित्याने ही मजल मारली असताना समीक्षा मात्र अनेकदा मागे रेंगाळलेली दिसते. फ्रॉइडने हॅम्लेटच्या दिरंगाईमागे ईडिपस गंड दाखविल्यापासून पात्रांचे व लेखकांचे मनोविश्लेषण हा समीक्षेचा एक मान्य उद्योग झाला. त्यातून काही मौलिक हाती लागले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पदव्युत्तर वर्गांत आणि प्रबंधांत या उद्योगाला एक यांत्रिक रूप प्राप्त झाले आहे. पात्र एकटे राहते, म्हणजे नैराश्यग्रस्त. फार बोलते, म्हणजे उन्मादग्रस्त. संशय घेते, म्हणजे छिन्नमनस्क. लक्षणांची यादी समोर ठेवून पात्राला निदान चिकटविले की विश्लेषण पूर्ण झाले, असे मानले जाते. वस्तुतः ज्या ठिकाणी विश्लेषणाला आरंभ व्हायला हवा तेथेच ते थांबलेले असते. लेखकाच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर ठरते. दिवंगत कवीला त्याच्या कवितांवरून आजार बहाल करणे आणि मग त्या आजारावरून कवितांचा अर्थ लावणे हा चक्रक दोष आहे. तर्कशास्त्राचा सामान्य विद्यार्थीही तो ओळखील.

एकदा चिकटलेले नाव पुढचे सर्व वाचन कसे वळविते, याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध. आवाज ऐकू येतात अशी खोटी तक्रार सांगून आठ निरोगी माणसे मनोरुग्णालयांत दाखल झाली. दाखल झाल्यावर त्यांनी नेहमीसारखे वागण्यास आरंभ केला, तरी त्यांच्या साध्या कृती लक्षणे म्हणून वाचल्या गेल्या. टिपणे काढणे हेही लक्षणच ठरले, असे त्या निबंधात म्हटले आहे. या अभ्यासाच्या सचोटीविषयी सुझाना कॅहॅलन यांनी २०१९ मधील आपल्या पुस्तकात गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. त्यामुळे वैज्ञानिक पुरावा म्हणून त्याचा आधार घेणे आता धोक्याचे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यात ओळखीचे असे काही आढळेल. शीर्षक वाचून कवितेचा अर्थ ठरविणारा वाचक आणि निदान वाचून माणसाचा अर्थ ठरविणारा निरीक्षक हे एकाच वर्गात मोडतात.

५

येथवरच्या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात, आणि त्यांची दखल घेतल्यावाचून हे मत एकांगी ठरेल.

पहिला आक्षेप असा की, भारतात प्रश्न निदानाच्या अतिरेकाचा नसून अभावाचा आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित होते. ज्याला आपल्या यातनेचे नावच ठाऊक नाही, त्याला नावाच्या जुलमाविषयी काय सांगावे? हा आक्षेप पूर्णपणे मान्य करायला हवा. अनेकांच्या बाबतीत निदान हा सुटकेचा क्षण असतो. 'आळशी', 'हट्टी', 'करणी झालेली', 'घराण्याला बट्टा' अशी जी नावे तोवर मिळालेली असतात, त्यांपेक्षा वैद्यकाने दिलेले नाव कितीतरी दयाळू असते. त्या नावामागून औषध येते, दाखला येतो, कायद्याचे संरक्षण येते. तेव्हा निदान नाकारावे असा मुद्दाच नाही. प्रश्न आहे तो निदानानंतरच्या वाक्याचा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ताप अंगात असतो; पण मनोविकार ज्या मनात असतो त्याच मनाने माणूस 'मी' म्हणतो. मग आजार व माणूस यांची फारकत करायची कशी? तीव्र अवस्थेत माणसाला आपण आजारी आहोत हेही पटत नाही. अशा वेळी 'आजार वेगळा, माणूस वेगळा' हे बोलणे घरच्यांना पोकळ वाटले तर नवल नाही. याचे उत्तर काळाच्या परिमाणात आहे. आजाराच्या अवस्था येतात व ओसरतात. माणसाचे चरित्र त्यांच्या आधीपासून चालू असते आणि नंतरही चालू राहते. विशेष म्हणजे कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या बाराव्या कलमात असे म्हटले आहे की, जो एरवी अस्वस्थचित्त असतो पण मधूनमधून स्वस्थचित्त असतो, त्याला स्वस्थतेच्या काळात करार करता येतो. आणि उदाहरण दिले आहे ते वेड्यांच्या इस्पितळात असलेल्या माणसाचेच. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, जो २०१८ पासून अमलात आहे, त्याहून पुढे जातो. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजार आहे असे ठरविता येत नाही. आणि आजार आहे एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज, माणूस विकलचित्त आहे असे मानता येत नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. पाचव्या कलमानुसार पुढे कधी निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. साहित्याच्या दृष्टीने हा एक विलक्षण लेखनप्रकार आहे. स्वस्थ असलेला 'मी' अस्वस्थ होऊ शकणाऱ्या 'मी'ची काळजी वाहतो, त्याला परका मानीत नाही, आणि आपल्या आयुष्याचे लेखकपद दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. काही व्यक्ती आपले निदान अभिमानाने मिरवितात. तीच आपली ओळख मानतात. त्यांना 'निदानाने स्वतःची व्याख्या करू नका' असे सांगणे ही पुन्हा बाहेरून केलेली दांडगाई नव्हे काय? पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांनी आपल्या आत्मकथनात (२०१५) स्वतःसाठी जो शब्द योजला तो रुग्णवाचक 'स्किझोफ्रेनिक' नव्हे. कलावंत वा विशेषज्ञ यांना लागतो तसा प्रत्यय जोडून त्यांनी नवा शब्द घडविला. येथे निदानाचा स्वीकार आहे, पण शब्दाची घडण आपल्या हाती ठेवून. म्हणजे भेद निदान जवळ करण्याचा वा दूर सारण्याचा नसून, ते कोण उच्चारतो आणि त्यानंतर आणखी काय बोलू देतो, याचा आहे. स्वतःला दिलेले नाव पुढचे वाक्य उघडते; दुसऱ्याने लादलेले नाव ते बंद करते.

६

तर मग मनोविकारासह चांगले जगणे म्हणजे काय? या प्रश्नाची उत्तरे बहुधा उदात्त भाषेत दिली जातात. प्रत्यक्षात ती पुष्कळ साधी आहेत. वेळेवर झोप घेणे, कारण उन्मादाची चाहूल अनेकदा झोपेतूनच लागते. लिथियमसारखे औषध चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासून घेणे. औषधाने वजन वाढते, हात कापतो, सुस्ती येते. या किमतीचा हिशेब डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडणे आणि परस्पर औषध बंद न करणे. आजार डोके वर काढतो तेव्हाच्या खुणा स्वतः ओळखणे व एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवणे. करण्याजोगे काही काम असणे. आणि रागावण्याचा, रडण्याचा, कंटाळण्याचा साधा हक्क शाबूत असणे. 'गोळी घेतलीस का?' हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो. पण प्रत्येक मतभेदाचे उत्तर म्हणून तो आला की समोरच्याचे मतच रद्द होते, हे घरातल्यांनी जाणणे. या यादीत असामान्य असे काही नाही. ती कोणत्याही माणसाच्या जगण्याची यादी आहे. एक-दोन कलमे तेवढी अधिक आहेत.

सर्वांचेच भले होते असेही नाही. 'कोर्ट मार्शल' या गाजलेल्या नाटकाचे कर्ते, हिंदी लेखक स्वदेश दीपक यांनी आपल्या आजाराच्या वर्षांची कहाणी 'मैंने मांडू नहीं देखा' (२००३) या पुस्तकात लिहिली. २००६ मध्ये ते घरातून निघून गेले आणि परतले नाहीत. या शेवटावरून मागे वळून सारे आयुष्य वाचण्याचा मोह होतो. परंतु ते पुस्तक आजाराने लिहिलेले नाही. आजारातून गेलेल्या एका लेखकाने लिहिलेले आहे. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कोर्टनी हार्डिंग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला पाठपुरावा आहे. दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या आणि 'बरे न होणारे' मानल्या गेलेल्या रुग्णांपैकी निम्मे ते दोन-तृतीयांश लोक सुमारे ३२ वर्षांनंतर लक्षणीय प्रमाणात सुधारलेले अथवा बरे झालेले आढळले. आशा व निराशा यांपैकी कोणतीही एकच कथा सर्वांची कथा नव्हे.

मराठीत 'बरा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : रोगमुक्त, आणि ठीकठाक. 'बरा झालास का?' आणि 'बरे चालले आहे ना?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मनोविकाराच्या बाबतीत समाज केवळ पहिला प्रश्न विचारीत आला आहे, आणि त्याचे होकारार्थी उत्तर येईपर्यंत नोकरी, विवाह, मैत्री, मत, सारे काही तहकूब ठेवीत आला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधी नकारार्थी असले तरी दुसऱ्याचे होकारार्थी असू शकते. पुष्कळांचे ते आहे.

मराठी विभागांच्या संदर्भात यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. प्रबंधांत पात्राला वा लेखकाला निदान चिकटविण्यापूर्वी ते कशाच्या आधारे आणि कशासाठी, याचे उत्तर मार्गदर्शकाने मागावे. मनोविकाराचा अनुभव घेतलेल्यांनी स्वतः केलेले लेखन, भाषांतरित का होईना, अभ्यासक्रमात असावे; सध्या त्यांच्याविषयी बोलणारे लेखन पुष्कळ आहे, त्यांचे लेखन अल्प आहे. आणि एखाद्या विद्यार्थ्याने वा सहकाऱ्याने विश्वासाने आपला आजार सांगितला, तर त्याच्या पुढच्या निबंधाकडे, रजेच्या अर्जाकडे, तावातावाने मांडलेल्या मताकडे त्या एका शब्दाच्या भिंगातून पाहिले जाऊ नये. आवश्यक ती सवलत द्यावी. निबंधावर मात्र निबंध म्हणूनच शेरा द्यावा.

'निदान' या शब्दालाही मराठीत दोन अर्थ आहेत. एक वैद्यकातील, रोगाची ओळख; आणि दुसरा बोलीतील, किमान, कमीत कमी. माणसाविषयी जे कमीत कमी सांगता येते ते निदान, असा हा दुसरा अर्थ पहिल्याच्या शेजारी सतत जागा ठेवता आला, तर निदानाला त्याचे योग्य स्थान मिळेल. उपचारासाठी ते हवेच. माणसाच्या ओळखीसाठी त्याच्या पुढेही बरेच काही विचारावे लागते.